धर्मादाय सोडतीला कायद्यात जागा हवी

शाळेच्या इमारत निधीसाठी, वाचनालयाच्या वाढीव खोलीसाठी किंवा एखाद्या मंडळाच्या रुग्णवाहिकेसाठी छापलेले सोडतीचे कूपन हातात आले, तर ते एकदा नीट वाचून पाहावे. वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, मध्ये पहिल्या बक्षिसाच्या स्कूटरचे चित्र, त्याखाली फ्रिज, मिक्सर आणि पन्नास उत्तेजनार्थ बक्षिसे. डाव्या बाजूला छिद्रांच्या रेघेपलीकडे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहायचा भाग असतो, जो फाडून सोडतीच्या डब्यात टाकला जातो. रकमेच्या जागी ‘किंमत’ न लिहिता ‘देणगी मूल्य’ असे छापलेले असते. तळाशी बारीक अक्षरांत समितीचा निर्णय अंतिम राहील असे बजावलेले असते. एकूण किती कूपने छापली, हे मात्र त्या कागदावर बहुधा कुठेच नसते.

कायद्याच्या दृष्टीने हे कूपन म्हणजे लॉटरीचे तिकीट आहे. भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे, बक्षीस आणि ते कोणाला मिळणार हे निव्वळ नशिबाने ठरणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की लॉटरी पूर्ण होते; पैशांना देणगी म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार लॉटरीची सोडत काढण्यासाठी कार्यालय किंवा जागा चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अशा सोडतीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड. यातून सुटतात त्या दोनच लॉटऱ्या : एक राज्याने चालवलेली आणि दुसरी राज्य सरकारने अधिकृत केलेली. शाळेचे मुख्याध्यापक, कूपनांची पुस्तके घरोघर नेणारे पालक आणि पत्रक छापणारा छापखाना हे सगळे, कागदोपत्री तरी, या कलमाच्या कक्षेत येतात. माझे म्हणणे असे की, ही दुसरी सवलत, म्हणजे ‘राज्य सरकारने अधिकृत केलेली’ सोडत, महाराष्ट्राने गांभीर्याने वापरात आणावी. लहान, परोपकारी, हिशेब देणाऱ्या सोडतींना साधी परवानगी द्यावी आणि बाकी सर्व ठिकाणी बंदी आहे तशीच कडक ठेवावी.

या बंदीचा इतिहास थोडा विचित्र आहे. कलकत्त्याचा टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून उभा राहिला आणि १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी कमिटीने त्याच मार्गाने पैसा जमवून त्या शहरात रस्ते केले, तळी खोदली. हे सगळे कंपनी सरकारच्या आशीर्वादाने झाले. पुढे १८४४ च्या कायद्याने सरकारची मान्यता नसलेल्या लॉटऱ्यांवर बंदी आली आणि १८७० मध्ये तीच बंदी भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ म्हणून घालण्यात आली. आजचे कलम २९७ हे त्याचेच नवे रूप असून बदल झाला तो मुख्यतः दंडाच्या रकमेत. गोव्यात तर परोपकार आणि लॉटरी यांचे नाते उघड होते. पोर्तुगीज अमलात सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था लॉटरी चालवत असे आणि तिचे काम पुढे प्रोवेदोरियाकडे आले. वृद्ध आणि निराधार यांच्या सोयीसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या नावाची जुनी तिकिटे आजही संग्राहकांकडे दिसतात. म्हणजे सोडतीतून लोकोपयोगी काम करण्यात कोणाही राज्यकर्त्याला तत्त्वतः पाप वाटलेले नव्हते. सोडत कोणी काढायची, एवढ्यापुरताच वाद होता.

स्वातंत्र्यानंतर हा वाद न्यायालयात गेला आणि तिथे त्याला जे वळण लागले, त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा बंगळुरूच्या एका साप्ताहिकातून चाले आणि तिच्या प्रवेशिका मुंबई राज्यातून मोठ्या संख्येने येत. मुंबई सरकारने तिच्यावर नियंत्रण आणि कर लादला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतातील द्यूतापर्यंतचे दाखले देत, जुगार हा व्यापारच नव्हे आणि म्हणून त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात कौशल्याची स्पर्धा आणि नशिबाचा खेळ यांच्यातली रेघ पक्की झाली. त्या रेघेच्या आधाराने १९६८ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला गेल्या. आपल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहेच.

ही कसोटी व्यापारी खेळांसाठी कदाचित योग्य असेल, पण परोपकारी खेळांसाठी ती पूर्ण चुकीची आहे, असे मला वाटते. कौशल्याच्या नावाखाली माणूस रात्रभर पैसे लावत राहू शकतो आणि आपण हुशार आहोत या समजुतीमुळे अधिकच गुंतत जातो. वर्षातून एकदा शंभर रुपयांचे कूपन घेणाऱ्याकडून कोणतेही कौशल्य अपेक्षित नसते आणि नेमके म्हणूनच त्याला त्यात पुन्हा पुन्हा ओढले जाण्याचे कारणही नसते. खेळ घातक आहे की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरायला हवे : उरलेला पैसा कोणाच्या खिशात जातो, डाव किती लवकर पुन्हा लावता येतो, आणि एका माणसाचे जास्तीत जास्त किती जाऊ शकते. आपले कायदे हे तीन प्रश्न क्वचितच विचारतात. ते विचारले असते, तर मुंबईत महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतींवर परवान्याने पैसे लावता येतात आणि त्याच शहरातल्या अनाथाश्रमाच्या सोडतीला मात्र गुन्ह्याची छाया असते, ही स्थिती आली नसती.

सरकारने स्वतःसाठी आणि मोठ्या भांडवलासाठी दारे उघडताना असा संकोच केलेला नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. केरळने १९६७ मध्ये लॉटरी खाते काढले आणि पुढे ‘कारुण्य’ या नावाची लॉटरी काढून तिच्या नफ्यातून गरीब रुग्णांच्या उपचारांना मदत दिली. परोपकारासाठी सोडत हीच ती कल्पना, फक्त सरकारी शिक्क्याची. राज्याने चालवली तरी लॉटरी ही जुगारच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात स्पष्ट सांगितले, तरीही ती चालू राहिली. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना आणि पुढे जहाजांवरील टेबलांना वाट करून दिली गेली, आणि आज मांडवीच्या पात्रात उभी असलेली कॅसिनोंची जहाजे पणजीच्या किनाऱ्यावरून दिसतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला, हे चांगलेच झाले. पण कॅसिनोचा विचार करण्यासाठी विधिमंडळाने एकदा वेळ काढला होता, एवढे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षात काय घडते? बहुतेक ठिकाणी काहीच घडत नाही आणि खरी अडचण तीच आहे. गावात सोडत निघते, पोलीस पाटलापासून आमदारापर्यंत सगळे व्यासपीठावर असतात आणि एका लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढली जाते. सोसायट्यांत कोजागरीला तंबोला होतो, ‘जल्दी पाच’ आणि ‘फुल हाऊस’ची पाकिटे वाटली जातात, उरलेली रक्कम एखाद्या आश्रमाला दिली जाते आणि तक्रार करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. गोव्याच्या गावांत फुटबॉल क्लब आणि फेस्ताच्या समित्या मैदानावर हाऊसी, म्हणजे तंबोलाच, भरवतात. आकडे पुकारणारा माणूस तिथे गावचा लाडका असतो. ‘जुगार’ या संज्ञेतून १८८७ च्या कायद्याने लॉटरीला वगळले आहे, त्यामुळे सोडत एकाच कायद्याखाली, म्हणजे न्याय संहितेच्या कलम २९७ खाली, येते. तंबोल्यात मात्र प्रत्येक जण तिकीट हातात धरून आकडे खोडत ‘खेळत’ असतो, म्हणून तो लॉटरी की जुगार, हे आधी ठरवावे लागेल. असला कीस कोणी काढत नाही, कारण सगळे समजुतीने चाललेले असते.

समजुतीने चाललेल्या गोष्टीत एक खोट असते. ती समजूत ज्याच्याशी पटते त्याच्यासाठीच असते. मंडळात फूट पडली, सरपंचपदाची निवडणूक जवळ आली, किंवा शाळेच्या दोन गटांत वाद झाला की तेच कूपन तक्रारीला जोडलेला पुरावा बनते. ज्या संस्थेचे विश्वस्त काळजीपूर्वक वागणारे आहेत, ज्यांच्या लेखापरीक्षकाला कायदा माहीत आहे, ती संस्था अशा वाटेला जातच नाही आणि निधीसाठी त्याच चार देणगीदारांच्या दारात उभी राहते. ज्यांना कशाचीच पर्वा नाही ते बिनदिक्कत कूपने छापतात. म्हणजे आजची व्यवस्था सावध माणसाला मागे ठेवते आणि बेपर्वा माणसाला मोकळे रान देते. कायदा असण्याचा इतका उलटा परिणाम क्वचित पाहायला मिळतो.

गैरव्यवहार कसा होतो हेही पाहिले पाहिजे, कारण उपाय त्यावरून ठरतो. सोडतीतला घोटाळा डब्यात हात घालताना होतो, असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो त्याच्या बराच आधी झालेला असतो. किती कूपने छापली ते जाहीर नसते, न विकलेल्या कूपनांचे अर्धे भागही डब्यात टाकले जातात आणि पहिले बक्षीस अशाच एका ‘न विकलेल्या’ क्रमांकाला लागते. किंवा विक्री कमी झाली म्हणून ‘अपरिहार्य कारणास्तव’ तारीख पुढे ढकलली जाते आणि मग पुन्हा ढकलली जाते. बक्षिसाची स्कूटर ज्या दुकानातून घेतली त्याचे बिल आणि बाजारातली किंमत यांत अंतर असते. ज्याने कूपन घेतले तो हे विचारायला जात नाही, कारण त्याने मनातल्या मनात ते पैसे देणगीत टाकलेले असतात. यांतली एकही गोष्ट फौजदारी कलमाने थांबलेली नाही. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद आणि न विकलेल्या कूपनांचा सोडतीपूर्वी पंचनामा, एवढ्या दोन अटींनी त्यांतल्या बऱ्याच थांबतील.

करांचा भाग फार लोकांच्या ध्यानात येत नाही. दहा हजार रुपयांहून मोठे बक्षीस देताना आयोजकाने ३० टक्के कर कापून भरायचा असतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती वस्तू द्यायची असते. नव्वद हजारांची स्कूटर जिंकणाऱ्या रिक्षाचालकाला किल्ली हाती घेण्यापूर्वी सत्तावीस हजार रुपये उभे करावे लागतात. किती मंडळे हे करतात, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा. कूपनांच्या अर्ध्या भागांवर नावे अर्धवट लिहिलेली असली, तर संस्थेच्या दृष्टीने ती निनावी देणगी ठरू शकते, आणि धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्यांवर एका मर्यादेपलीकडे ३० टक्के कर आहे. लॉटरीवरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. लहान सोडती नोंदणीच्या उलाढाल मर्यादेखाली राहिल्यामुळे वाचतात, पण ज्या मोठ्या संस्थेची इतर करपात्र उलाढाल आहे तिने सोडत काढली, तर हा दर तिच्यासमोर उभा राहतो. एकाच कागदाला फौजदारी कायदा गुन्हा म्हणतो, आयकर खाते उत्पन्न म्हणते आणि संस्था देणगी म्हणते.

यात आणखी एक विसंगती आहे आणि ती सध्याच्या महाराष्ट्रात फार दिसते. सोडतीसाठी पैसे घेतले नाहीत, तर लॉटरीची व्याख्या पूर्ण होत नाही. त्यामुळे एखादे इच्छुक नेते नवरात्रात ‘खेळ पैठणीचा’ भरवतात, प्रवेश मोफत ठेवतात आणि पैठण्यांपासून दुचाकीपर्यंत बक्षिसांची सोडत काढतात, तेव्हा निवडणुकीचा काळ सोडला तर त्यांना विचारणारे कोणी नाही. त्या बक्षिसांचा पैसा कुठून आला, हेही कोणाला सांगावे लागत नाही. शाळेच्या सोडतीत मात्र शंभर-शंभर रुपये कोणी दिले हे अर्ध्या भागांवर लिहिलेले असते आणि तीच बेकायदा ठरते.

विरोधी बाजू हलकी नाही. मुंबईत गिरणगावाने मटक्याचे जे रूप पाहिले, ते ज्यांच्या घरात शिरले होते ते लोक अजून हयात आहेत, आणि जुगाराच्या बाबतीत ‘थोडासा’ असे काही नसते, हे त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे. नव्वदच्या दशकात एकआकडी लॉटऱ्यांनी दिवसातून अनेकदा निकाल लावून कष्टकऱ्यांची मजुरी ओढून नेली. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने एकआकडी बक्षिसांवर बंदी आणली आणि सोडतींच्या संख्येला आळा घातला तो त्यामुळेच. परोपकाराचा मुखवटा घालून व्यापार करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत आणि परवान्याची खिडकी उघडली की रांगेत सर्वांत पुढे तेच असतील, ही भीती मीही बाळगतो. शिवाय एक नैतिक आक्षेप आहे. दान द्यायचे तर ते बक्षिसाच्या आशेने कशाला, असा प्रश्न विचारणारी माणसे मला जुनाट वाटत नाहीत. संस्थेला सोडतीची सवय लागली की तिला देणगीदार मिळत नाहीत, गिऱ्हाईक मिळते.

तरीही या आक्षेपांनी सरसकट बंदीचे समर्थन होत नाही. मटका आणि एकआकडी लॉटरी यांचा दोष त्यांच्या वेगात आणि खाजगी नफ्यात होता. वर्षातून एकदा निघणाऱ्या सोडतीत हे दोन्ही नसतात, आणि नसावेत म्हणूनच नियम हवेत. मुखवट्याचा प्रश्नही आपल्या कायद्यांनी आधी सोडवून पाहिला आहे. बक्षीस चिट्स (हप्ते भरणाऱ्या सभासदांपैकी काहींना सोडतीने बक्षीस देणाऱ्या योजना) आणि पैसे फिरवणाऱ्या (नवे सभासद आणण्यावर मोबदला देणाऱ्या) योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा घ्या. लोकांना लुबाडणाऱ्या योजनांविरुद्धचा तो कडक कायदा आहे, पण त्याच्या कलम ११ मध्ये, राज्य सरकारने रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून अधिसूचित केलेल्या धर्मादाय किंवा शैक्षणिक संस्थांना त्यातून वगळण्याची सोय आहे. बंदी आणि नेमकी सूट एकाच कायद्यात नांदू शकतात, हे संसदेने त्याच वेळी मान्य केले होते. मुंबई राज्यानेही १९४८ मध्ये आणि पुन्हा १९५८ मध्ये लॉटऱ्यांच्या नियंत्रणाचे आणि कराचे कायदे केले. परवान्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ती सामान्य संस्थेपर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये हे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे, कारण आपले जुने कायदे तिथूनच आले आणि त्यांनी आपले कायदे पुढे बदलले. २००५ च्या जुगार कायद्यानुसार तिथे एखाद्या कार्यक्रमातच तिकिटे विकून काढलेल्या सोडतीला परवानगीच लागत नाही. जमलेल्या रकमेतून खर्चापोटी १०० पौंड आणि बक्षिसांपोटी ५०० पौंड यांहून अधिक वजा करायचे नाहीत, अशी अट आहे. त्याहून मोठी सोडत काढायची असेल, तर संस्था स्थानिक प्रशासनाकडे ४० पौंड भरून नोंद करते आणि दरवर्षी २० पौंड देते. एका सोडतीत २०,००० पौंड आणि वर्षभरात २,५०,००० पौंड ही मर्यादा ओलांडली, तर थेट जुगार आयोगाचा परवाना लागतो. किमान २० टक्के रक्कम कार्याला गेलीच पाहिजे. हा वीस टक्क्यांचा आकडा मला फारच सैल वाटतो. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत बक्षिसे आणि कमिशन घेणाऱ्या कंपन्या सहज मावतात. कॅलिफोर्नियाचा नियम याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तिथे किमान एक वर्ष काम करत असलेल्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेनेच रॅफल काढायचे, एकूण जमलेल्या रकमेतील ९० टक्के परोपकाराला जायला हवेत, तिकिटे इंटरनेटवर विकायची नाहीत आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नोंद करून अहवाल द्यायचा. तिथल्या मराठी मंडळांनाही हेच लागू आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात पैठणीचे किंवा विमान तिकिटाचे रॅफल ठेवायचे तर आधी अर्ज भरावा लागतो, आणि बक्षिसे बहुधा कोणीतरी पुरस्कृत केलेली असावी लागतात, कारण दहा टक्क्यांत ती बसत नाहीत. घेतलेल्या तिकिटाची रक्कम देणगी म्हणून करातून वजा करता येत नाही, हेही अमेरिकेच्या आयकर खात्याने स्पष्ट केलेले आहे. या व्यवस्थेत कोणाचा उत्साह मावळल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्राला यासाठी नवे खाते काढायची गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार, नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळांनाही धर्मादाय आयुक्तांकडून ठरावीक मुदतीसाठी वर्गणी जमवण्याची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. दरवर्षी हजारो मंडळे या खिडकीशी येतात. जुगार आणि पैज हा विषय राज्यसूचीत आहे. राज्याने स्वतः आयोजित केलेल्या लॉटऱ्या केंद्राच्या सूचीत असल्या, तरी राज्याने केवळ अधिकृत केलेली सोडत ही वेगळी गोष्ट आहे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या एच. अनराज खटल्यात, इतर राज्यांच्या लॉटरी तिकिटांवर महाराष्ट्रानेच घातलेल्या बंदीचा विचार करताना, उलगडून दाखवला होता. म्हणजे केंद्रीय कायद्याला हात न लावता, राज्याला स्वतःच्या अधिकारात हे करता येईल.

अटींविषयी माझी मते ठाम आहेत. परवानगी फक्त नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला किंवा ४१ क ची परवानगी घेतलेल्या मंडळाला मिळावी आणि वर्षातून एकदाच. कूपन शंभर रुपयांहून महाग नसावे आणि एकूण विक्री पाच लाखांच्या आत राहावी. रोख बक्षीस कधीही नसावे, कारण रोख आली की खेळाचा स्वभाव बदलतो. बक्षिसे आणि छपाई मिळून खर्च ३० टक्क्यांच्या आत बसावा. समजा पाच हजार कूपने विकली गेली. पाच लाखांतून नव्वद हजारांची स्कूटर, पंचवीस हजारांचा फ्रिज, वीस हजारांची लहान बक्षिसे आणि पंधरा हजारांची छपाई वजा केली, तर दीड लाख जातात आणि साडेतीन लाख कार्याला उरतात. ब्रिटनपेक्षा हे बरेच कडक आहे आणि कॅलिफोर्नियाइतके अशक्य नाही. कमिशनवर कूपने विकणारा दलाल पूर्ण वर्ज्य असावा; माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची अट हीच, कारण परोपकाराचा धंदा तिथूनच सुरू होतो. मुलांच्या हाती पुस्तके देऊन त्यांना दारोदार पाठवणेही बंद व्हावे; वर्गात सर्वांत जास्त कूपने कोणी खपवली याची चढाओढ लावणाऱ्या शाळा इमारत बांधत असतील, पण शिकवत काय असतात हा प्रश्नच आहे.

सोसायटीतला किंवा क्लबातला तंबोला, ज्यात सगळा पैसा त्याच रात्री वाटला जातो किंवा उरलेला परोपकाराला दिला जातो, त्याला परवानगीही नको. माणशी एका रात्रीत किती रुपयांची तिकिटे घ्यायची, याची एक छोटी मर्यादा नियमात लिहिली म्हणजे पुरे.

ऑनलाइन खेळांच्या बाबतीत मात्र मी सवलत मागणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब यांतला भेदच बाजूला ठेवला आणि पैसे भरून, पैशांच्या किंवा इतर लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. करोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर आणि झूमवर रंगलेले मदतनिधीचे तंबोले या व्याख्येत सरळ बसतात आणि परोपकारासाठी त्यात अपवाद नाही. हे कठोर वाटले तरी मला मान्य आहे, कारण पडद्यावर डाव काही सेकंदांत पुन्हा लावता येतो आणि खेळणारा कोण, त्याचे वय किती, हे आयोजकाला कळत नाही. एक खुलासा मात्र सरकारने करायला हवा. कूपन कागदाचे आहे, सोडत मैदानावर आहे, पण पैसे यूपीआयने आले आणि निकाल फेसबुकवर थेट दाखवला, तर तो ऑनलाइन खेळ होतो का? आज खेड्यातले शंभर रुपयेसुद्धा फोनवरूनच येतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते रोखीपेक्षा कितीतरी चांगले आहेत.

नियम करताना आणखी एक काळजी घ्यावी लागेल. बक्षीस स्पर्धांच्या १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एकूण एक हजार रुपयांच्या बक्षिसांची आणि प्रत्येक स्पर्धेला दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली होती. त्या काळी एक हजार ही भक्कम रक्कम होती. पुढे कित्येक दशके आकडा तोच राहिला आणि परवाना काढून कायदेशीर स्पर्धा घेण्यात कोणाला काही अर्थच उरला नाही. सोडतीच्या मर्यादा कायद्यात न लिहिता नियमांत लिहाव्यात आणि दर तीन वर्षांनी त्या बदलण्याचे बंधन धर्मादाय आयुक्तांवर घालावे. अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात हाती पडलेली परवानगी कोणत्याच मंडळाच्या उपयोगाची नसते, आणि मग कूपने पुन्हा पूर्वीसारखीच, कोणालाही न विचारता छापली जातील.